एस्कोला : मांडवीकाठची जुनी शाळा

मागची पोस्टिंग वाराणसीला होती हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. रविवारी आउटपास मिळाला की मी छावणीतून ऑटोने मैदागिनपर्यंत जायचो आणि तिथून पुढे गल्लीबोळांतून पायी मंगला गौरीकडे. पहिल्यांदा गेलो तो निव्वळ नावामुळे. श्रावणातली मंगळागौर आपल्या घराघरातली. तिचं देऊळ काशीत पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला असावं याचं अप्रूप वाटलं. तो सगळाच भाग मराठी माणसाला ओळखीचा वाटतो. दुर्गा घाट, ब्रह्मा घाट, बालाजी घाट. पेशवाईपासून येऊन राहिलेली मराठी घराणी, दारावर मराठी आडनावं, आणि आत हिंदी-मराठीची अशी खिचडी की ऐकत राहावं.

तिथेच जवळ बालाजीचं देऊळ आहे. उस्ताद बिस्मिल्ला खाँ लहानपणापासून त्या देवळात रियाज करत. त्यांचे मामा अलीबक्ष हे विश्वनाथ मंदिरात सनई वाजवणारे. त्यांनी भाच्याला तयार केलं, आणि भाच्याने रियाजाची जागा म्हणून बालाजीची पायरी धरली ती कितीतरी वर्षं. २००१ मध्ये भारतरत्न मिळालेल्या माणसाचं हे विद्यालय. देऊळ बांधणाऱ्याने ते संगीतासाठी बांधलं नव्हतं. कुणी तिथे कलाकेंद्राची पाटी लावली नाही, उद्घाटनाची फीत कापली नाही. एक माणूस रोज येऊन बसला, एवढंच.

हे इथे सांगायचं कारण, आता पोस्टिंग गोव्यात आहे आणि गेले काही महिने पणजीतली एक इमारत माझ्या डोक्यातून जात नाही. तिचं बालाजीच्या देवळाच्या नेमकं उलट झालंय. तिथे पाटी आहे, फीत कापून झाली, जगभरची माणसं येऊन गेली. पण ती मुळात होती काय, हे बघायला आलेल्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. मलाही नव्हतं.

बांबोळीच्या चढावरून कदंबाची बस पकडली की पणजी अगदी जवळ. कदंबा स्टँडवर उतरून मांडवीच्या कडेने कांपालच्या दिशेने चालत सुटावं. डाव्या हाताला आदिलशहाचा जुना राजवाडा लागतो, जिथे पुढे पोर्तुगीज व्हाइसरॉय राहायला आले आणि त्यानंतर आपल्या काळात सचिवालय होतं. त्याच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा. एका बाईवर हात उगारून उभा असलेला तो काळा झगेवाला बघून आमच्यातला एक नवा जवान म्हणाला होता, "साहेब, हा मारतोय का तिला?" मारत नाही, संमोहन करतोय. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला हा गोवेकर पाद्री पॅरिसमध्ये संमोहनशास्त्रासाठी गाजला. पुतळा १९४५ चा, मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला. तसंच पुढे चालत राहिलं की एक लांबलचक दुमजली इमारत रस्त्याला समांतर पसरलेली दिसते. इतकी लांब की आमच्या बराकींची आठवण यावी. शेजारी माकिनेझ पॅलेस, मागे चित्रपटगृहं. इफ्फी याच आवारात भरतो. पणजीची जुनी माणसं या सगळ्याला अजून 'जुनें जीएमसी' म्हणतात. आणि त्याहून जुनी माणसं 'एस्कोला'.

एस्कोला म्हणजे पोर्तुगीजमध्ये शाळा. एस्कोला मेदिका, वैद्यकीची शाळा. स्थापना १८४२.

या आकड्याजवळ थोडं थांबायला हवं. इंग्रजांनी कलकत्त्यात आणि मद्रासमध्ये वैद्यकीय महाविद्यालयं काढली १८३५ ला. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. म्हणजे मुंबईत ग्रँट निघण्याच्या तीन वर्षं आधी पणजीत ही शाळा उभी राहिली होती. गंमत अशी की पेडण्यातल्या मांद्रे गावचा एक मुलगा, पेडणं तेव्हा पोर्तुगीजांकडेच होतं, या शाळेत नाही तर मुंबईला गेला आणि ग्रँटच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाला. भाऊ दाजी लाड. भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या संग्रहालयाला आज त्यांचं नाव आहे. गोव्याचा मुलगा, मुंबईचा डॉक्टर, आणि नाव कोरलं गेलं कलेच्या घरावर. पणजीतल्या या शाळेचं पुढे जे झालं त्याच्याशी हे उगाच जुळून येतं.

शाळा निघाली कशासाठी, हे मात्र आम्हा फौजी लोकांना लगेच कळेल असं आहे. ती निघाली फौजेसाठी.

पोर्तुगालहून निघालेलं जहाज गोव्याला पोचायला सहा-सहा महिने लागत. त्यात कोंबलेले शिपाई उतरत तेव्हा निम्मेशिम्मे आजारी असत. त्यांच्यासाठी जुन्या गोव्यात राजाच्या नावाचं एक मोठं रुग्णालय होतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पिरार द लाव्हाल नावाचा फ्रेंच प्रवासी तिथे स्वतः रुग्ण म्हणून राहिला आणि त्याने त्या जागेची तोंडभरून स्तुती लिहून ठेवली. पण ते होतं पोर्तुगीज शिपाई आणि खलाशांसाठी. बाकीच्या गावाने आपापल्या वैद्याकडे जावं. आणि वैद्यही चांगले असावेत, कारण खुद्द पोर्तुगीज साहेबलोक आजारी पडले की हिंदू वैद्याला बोलावत. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहून इथल्या औषधी वनस्पतींवर पुस्तक लिहून गेला. ते १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. त्यात मालुपा नावाचा एक स्थानिक वैद्य येतो. परका पंडित आणि इथला वैद्य समोरासमोर बसून एका मुळीबद्दल बोलताहेत, हे चित्र मला फार आवडतं. पुढे १६१८ मध्ये गोवा शहराच्या नियमांनी हिंदू वैद्यांची संख्या तीसवर बांधून टाकली आणि परीक्षेची अट घातली. म्हणजे गरज तर आहे, पण फार वाढायला नकोत. ही मनोवृत्ती लक्षात ठेवा, शाळेच्या गोष्टीत ती परत येणार आहे.

जुनं गोवं रोगराईने ओस पडलं. व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीच्या राजवाड्यात राहायला आला, हळूहळू सरकार मागोमाग आलं, रुग्णालयही आलं, आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. दरम्यान लिस्बनहून डॉक्टर पुरेसे येईनात. यायला कोण तयार होणार? इथे आलेले शिपाई कसे मरतात हे तिकडे सगळ्यांना ठाऊक. १८०१ पासून गोव्यात वैद्यकीचे काही वर्ग चालू होते, पण रीतसर शाळा झाली ती १८४२ मध्ये, गव्हर्नर कोंदे द आन्तास याच्या काळात, मातेउस मोआशु नावाच्या मुख्य वैद्याच्या पुढाकाराने. वैद्यकीबरोबर औषधनिर्मितीही शिकवली जायची.

इथून शिकून बाहेर पडणारा मुलगा गोव्याचा, बहुतेक करून ख्रिस्ती, जमीनदार नाहीतर सुशिक्षित घरातला. हिंदू मुलांना शिक्षणाची आणि सरकारी नोकरीची दारं खऱ्या अर्थाने किलकिली झाली ती १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आल्यावर. एस्कोलाच्या पदवीधराने सगळे विषय शिकलेले, प्रेतं फाडून शरीर शिकलेला, वॉर्डात राबलेला. आणि एवढं करून त्याला मिळायचं काय? दुसऱ्या वर्गाचा वैद्य. हे माझे शब्द नाहीत, पोर्तुगीज वसाहतींच्या आरोग्यखात्यात हाच हुद्दा होता. लिस्बनहून शिकून आलेला तो पहिल्या वर्गाचा, गोव्याहून शिकलेला तो दुसऱ्या. पोर्तुगालमध्ये जाऊन दवाखाना थाटायचा तर पुन्हा तिकडच्या शाळेत बसा.

हे दुसऱ्या वर्गाचे डॉक्टर कुठे पाठवले गेले त्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मोझांबिक, अंगोला, गिनी, मकाव, तिमोर. पोर्तुगीज झेंडा जिथे जिथे होता आणि जिथे जायला पोर्तुगीज डॉक्टर नाराज होते, तिथे एस्कोलाचा मुलगा. आफ्रिकेतल्या लष्करी ठाण्यांवर, मोहिमांच्या मागे, तापाच्या मुलखात. साळशेतीतला एखादा पोरगा, ज्याने आयुष्यात मांडवी आणि जुवारी सोडून दुसरी नदी बघितली नाही, तो झांबेझीच्या काठी परक्या राजाच्या शिपायांना क्विनाइन देतोय. आणि ज्या काळ्या माणसांवर तो राजा गोळ्या झाडतोय त्यांच्या नजरेत हाही साहेबच. मला या मुलांबद्दल वाचताना सारखं वाटत राहिलं की हुद्दा कमी आणि जागा अवघड, हे गणित कुठल्याही फौजेत सारखंच. पण आमच्याकडे निदान वर्दी आपल्या देशाची आहे.

इथे एक गोष्ट कबूल करतो. साम्राज्याने ही शाळा स्वतःच्या सोयीसाठी काढली हे खरं, तरी गोव्याला तिच्यातून फायदा झाला नाही असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. फ्रोइलानु द मेलु यांचंच बघा. जन्म १८८७. याच शाळेत शिकले, जंतुशास्त्रात नाव कमावलं, याच शाळेचे प्रमुख झाले. सूक्ष्म जीवांवरचं त्यांचं संशोधन युरोपात वाचलं जात होतं. क्षय, कुष्ठरोग, हिवताप या तिन्हींशी गोव्यात त्यांनी झुंज दिली. पणजीचे नगराध्यक्ष झाले आणि पुढे लिस्बनच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी म्हणून बसले. दुसऱ्या वर्गाच्या शाळेतून निघालेला माणूस. शेवटी ते ब्राझीलला गेले आणि १९५५ मध्ये तिकडेच वारले. गोव्यात आजारी पडलेल्या कोणत्या तरी आजोबा-पणजोबाचा जीव या शाळेच्या माणसाने वाचवला नाही, असं घर पणजीच्या आसपास सापडणं कठीण असावं.

मग १९६१.

या तारखा आम्हाला पाठ असतात, पण गोव्यात उभं राहून त्या वेगळ्या लागतात. १८ डिसेंबरच्या पहाटे ऑपरेशन विजय सुरू झालं. मुख्य जबाबदारी मेजर जनरल कँडेथ यांच्या १७ इन्फंट्री डिव्हिजनची. ब्रिगेडिअर सगत सिंग यांच्या ५० पॅरा ब्रिगेडला उत्तरेकडून दुय्यम काम दिलं होतं. सगत सिंग दुय्यम काम करणारे नव्हते. पूल उडवलेले, रस्त्यात अडथळे, तरी त्यांची माणसं धावत सुटली आणि १८ च्या संध्याकाळी मांडवीच्या पलीकडे बेतीला येऊन थडकली. तेव्हा मांडवीवर पूल नव्हता. समोर पणजीचे दिवे. १९ च्या सकाळी नदी ओलांडून आपले जवान पणजीत उतरले. त्याच रात्री आग्वाद किल्ल्यावर ७ कॅव्हलरीचे मेजर सिद्धू आणि कॅप्टन सेहगल कामी आले. १९ च्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालु ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली. साडेचारशे वर्षांचा हिशेब दोन दिवसांत संपला.

मी बेतीच्या धक्क्यावर जाऊन मुद्दाम उभा राहिलो. पलीकडच्या काठावर नजर टाकली की पणजीचा सगळा नदीकाठ समोर येतो, आणि त्या ओळीत ही लांब इमारत. त्या सकाळी तिच्यातही रोजच्यासारखेच रुग्ण असणार. कुणाला ताप, कुणाचं बाळंतपण. झेंडा बदलला म्हणून कळा थांबत नाहीत.

झेंडा बदलल्याने जे बदललं ते कागदावरचं. दोन वर्षांत, १९६३ मध्ये, एस्कोलाचं गोवा मेडिकल कॉलेज झालं, मुंबई विद्यापीठाला जोडलं गेलं. याचा अर्थ लक्षात घ्या. त्याच खोल्या, त्याच भिंती, पण आता तिथून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हातात एमबीबीएस. मुंबई, दिल्ली, मद्रास, कुठेही चालणारी. दुसरा वर्ग गेला. सत्तरीच्या, काणकोणच्या, पेडण्याच्या साध्या घरातली मुलं त्या जिन्याने वर चढू लागली. मुक्तीचा अर्थ काय असं कुणी मला विचारलं तर मी भाषण देणार नाही, हा जिना दाखवेन.

पण कॉलेज वाढलं, गोवा वाढला, इमारत पुरेना. बांबोळीच्या पठारावर नवं संकुल उभं राहिलं आणि विभाग एकेक करून तिकडे निघाले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्थलांतर आटोपलं आणि नदीकाठची शाळा रिकामी झाली. दीडशे वर्षांत पहिल्यांदा तिथे रात्री दिवा नव्हता. जागा पणजीतली सगळ्यात मोक्याची. अशा जागेवर कुणाकुणाचे डोळे असतात ते सांगायला नको.

तिला वाचवलं सिनेमाने. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव दरवर्षी गाव बदलत फिरायचा, त्याला कायमचं घर म्हणून गोवा ठरलं आणि २००४ मध्ये पहिला इफ्फी इथे झाला. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री होते. वेळ अतिशय कमी होता. ज्यांनी ते दिवस पाहिले ते सांगतात की मांडवीकाठ दिवसरात्र खणला जात होता. जुन्या शाळेची डागडुजी झाली, माकिनेझ पॅलेस सावरला, मागच्या बाजूला चित्रपटगृहांचं संकुल उभं राहिलं. महोत्सवाचं काम पाहणारी एन्टरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवा त्या आवारात आली. माकिनेझ पॅलेस तर १७०२ चा, त्याने राजधानी पणजीत येण्याआधीपासूनचे दिवस पाहिलेले. पाच-सहा महिन्यांत एवढं होऊ शकतं, हे बघून मला आमची एखादी युनिट जनरल साहेबांच्या व्हिजिटआधी कशी चमकते ते आठवलं. चमकवलेली जागा व्हिजिट संपल्यावर कशी राहते, तेही आठवलं.

सिनेमा वर्षातून नऊ-दहा दिवस. उरलेल्या दिवसांचं काय, हा प्रश्न लगेच उभा राहिला. २००७ च्या एप्रिलमध्ये त्याला एक सुंदर उत्तर मिळालं होतं. रणजित होस्कोटे यांनी या इमारतीत 'अपरान्त' नावाचं प्रदर्शन मांडलं, गोव्याच्या चित्रकारांचं. गोव्याने देशाला किती चित्रकार दिले याची यादी केली तर आपलीच मान ताठ होते. साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सूझा, मडगावचे लक्ष्मण पै, मूळचं गोव्याचं घराणं असलेले गायतोंडे, आंजेलो द फोन्सेका. ही माणसं मुंबई, पॅरिस, न्यूयॉर्क, पुणे अशी पांगली आणि तिथली म्हणून ओळखली गेली. आफ्रिकेत पांगलेल्या डॉक्टरांसारखीच. फरक इतका की चित्रकारांना परत बोलावून एकदा तरी एका छपराखाली आणलं गेलं, आणि ते छप्पर नेमकं या शाळेचं होतं. ज्या वॉर्डांत खाटा होत्या तिथे भिंतीवर गोव्याचा रंग. ते प्रदर्शन मी पाहिलेलं नाही, तेव्हा मी भलतीकडेच होतो, बर्फात. पण ज्यांनी पाहिलं त्यांच्या बोलण्यात ते अजून येतं.

मध्यंतरी याच आवारात 'हेरिटेज मॉल' करण्याची कल्पनाही सरकारदरबारी पुढे आली. वारसा आणि मॉल हे दोन शब्द शेजारी बसवणाऱ्याच्या हिमतीला सलाम. पणजीकर आणि कलावंत मंडळी विरोधात उभी राहिली. मॉल झाला नाही. २०१६ च्या डिसेंबरपासून सेरेंडिपिटी कला महोत्सव सुरू झाला आणि जुनं जीएमसी त्याची एक मुख्य जागा बनली. चित्रं, शिल्पं, फोटो, हस्तकला, नाटक, खाणंपिणं. प्रवेश बहुतेक ठिकाणी मोकळा.

तिथेच मला त्या मावशी भेटल्या.

डिसेंबरची संध्याकाळ. मी आणि युनिटमधले दोघे खोल्या-खोल्यांतून फिरत होतो. आधुनिक कलेतलं आम्हाला किती कळतं हा प्रश्न विचारू नका. एका खोलीत छताला तारांनी काहीतरी टांगलेलं होतं आणि आमचा हवालदार ते कुठल्या गाठीने बांधलंय याचाच अभ्यास करत होता. त्या खोलीच्या दाराशी एक साठी-सत्तरीच्या बाई उभ्या होत्या, साधी सुती साडी, हातात पर्स घट्ट धरलेली. त्या वर टांगलेल्या वस्तूकडे बघतच नव्हत्या. खिडकीकडे बघत होत्या. मी विचारलं, "मावशी, कुणाची वाट बघताय का?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "ना रे पुता. हांगा म्हजी खाट आशिल्ली." मग माझा चेहरा बघून मराठीवर आल्या. याच खोलीत, या खिडकीशेजारी, त्यांचा मोठा मुलगा जन्मला होता. पावसाळा होता, नदी फुगलेली, आणि रात्रभर खिडकीतून पाण्याचा आवाज येत होता. त्या त्यावेळी पहिलटकरीण, घरचं कुणी जवळ नाही. एक तरुण डॉक्टर मुलगी, शिकाऊच असावी, रात्रभर त्यांच्याजवळ बसून राहिली. नाव आता आठवत नाही म्हणाल्या. "तिचं नाव विचारायचं राहिलं." मुलगा आता परदेशात आहे. त्याला मोबाइलवर खिडकी दाखवायला त्या आल्या होत्या, पण व्हिडिओ कॉल लागत नव्हता. आमच्या हवालदाराने, तो सिग्नलचा माणूस, कुठूनतरी रेंज शोधून कॉल लावून दिला. पलीकडून एक पन्नाशीकडे झुकलेला माणूस म्हणाला, "आई, वर काय लटकलंय ते?" मावशींनी पहिल्यांदा मान वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "कोण जाणे. पण बरें दिसतां."

त्या खोलीतल्या कलाकृतीबद्दल माझं मत विचाराल तर, ती खरोखर बरी दिसत होती. खिडकीतून येणाऱ्या उजेडात तर फारच. मला त्या क्षणी दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसल्या आणि दोन्ही हव्याशा वाटल्या. पण कुणीतरी येऊन सांगितल्याशिवाय एक दिसते, दुसरी नाही.

गोव्यात कलेची कमी कधी नव्हती, हेही इथे सांगायला हवं. पेडण्यापासून काणकोणपर्यंत देवळाच्या जत्रेला गावातलीच माणसं रात्रभर नाटक करतात, आणि बऱ्याच ठिकाणी ते मराठी नाटक असतं. सुतार राजा होतो, मास्तर खलनायक. तियात्राला बसगाड्या भरून माणसं जातात. मंगेशीतून दीनानाथ निघाले, केरीतून केसरबाई, कुर्डीतून मोगूबाई. कुर्डी तर पुढे साळावलीच्या धरणाखाली गेली आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावकरी अजून तिथे जाऊन देवासमोर जमतात. या माणसांना कलाकेंद्राची इमारत लागली नाही, मंडप पुरला. मग एवढी मोठी इमारत हातात असताना ती वर्षातले मोजके आठवडे सोडून उरलेल्या दिवसांत त्या सुताराला आणि मास्तराला का मिळू नये? तालमीला एक खोली. शेजारी पोरांना चित्रकलेचा वर्ग. खाली व्हरांड्यात कुणी पेटी घेऊन बसलंय. महोत्सव येऊ देत, त्यांनी ही इमारत जिवंत ठेवली आहे, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण या शाळेचा स्वभाव रोजचा होता. दीडशे वर्षं ती रविवारी आणि सणाला, रात्री दोनलासुद्धा उघडी होती. गरज पडली की कुणीही आत जात होतं. आमंत्रण लागत नव्हतं.

इथे एक खासगी खुसपट. आमच्या गावची जिल्हा परिषदेची जुनी शाळा आता बंद आहे, पटावर मुलंच उरली नाहीत. गेल्या लीव्हला गेलो तर गावातल्या पोरांनी तिच्या व्हरांड्यात लेझीम आणि ढोलाचा सराव चालू केलेला. कुलूप तसंच आहे, त्यांना आतली खोली नकोच आहे. फळ्यावर लिहिलेली शेवटची तारीख खिडकीतून दिसते. मी मुलांना विचारलं, परवानगी घेतली का? एक म्हणाला, "काका, इथं आमचे आजोबा शिकले." त्याच्या दृष्टीने तीच परवानगी. पणजीच्या इमारतीला किती नातवंडं असतील याचा हिशेब कुणी मांडावा.

जुलैत पुन्हा गेलो. पाऊस असा की समोरची बेती दिसत नव्हती. आवारात फारसं कुणी नव्हतं. कौलांवरून पाण्याच्या माळा गळत होत्या आणि भिंतींवर शेवाळ धरायला लागलं होतं, गोव्यात ते कशावरही धरतं. एक पोरगा आणि पोरगी आडोशाला उभी राहून एकाच छत्रीत कणीस खात होती. मी मावशींची खिडकी बाहेरून शोधायचा प्रयत्न केला. रांगेत इतक्या खिडक्या की मोजताना दोनदा चुकलो, आणि मग नाद सोडला. नदीचा आवाज मात्र येत होता, त्या म्हणाल्या होत्या तसाच.

परतीची बस कदंबा स्टँडवरून मिळाली. आत ओलीचिंब गर्दी. एका बाईच्या मांडीवर तापाने फणफणलेलं मूल, शेजारी नवरा फायलीचं प्लास्टिक पोटाशी धरून बसलेला. पुढच्या सीटवर पांढरा कोट घडी करून हातावर टाकलेली दोन पोरं, पुस्तकातलं काहीतरी एकमेकांना विचारत होती. चढ संपला तसा कंडक्टर ओरडला, "जीएमसी, जीएमसी!" आणि अर्धी बस बांबोळीला उतरली.